क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकतोय, रोजच्या कामाच्या टिप्स द्याल का? आणि फुकटच्या सॉफ्टवेअरवर खऱ्या प्रोजेक्टमध्ये भरवसा ठेवता येतो का?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायलाच बसले. हा "फुकटचं" शब्द मी भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घेतलाय, त्यामुळे आधी ते सांगते, टिप्स त्यातच येतील.

यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाचं काम होतं, शेततळी आणि बंधाऱ्यांचे जीपीएस पॉइंट घेऊन तालुकावार नकाशे करायचे. आता 78 अंश रेखांश या जिल्ह्याच्या मधूनच जातो आणि यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या पाडून मीटरमध्ये जागा सांगायच्या पद्धतीचा, झोन (पट्टा) नेमका तिथेच बदलतो. पुसद, दिग्रस, दारव्हा झोन 43 मध्ये, घाटंजी, केळापूर, वणी झोन 44 मध्ये. घाटंजीच्या मुलांनी आपला डेटा व्यवस्थित 44 मध्ये करून ठेवला होता. आमच्या सिनियर साहेबांनी तो पेन ड्राइव्हवर आणला तो शेपफाइलच्या गठ्ठ्यातल्या फक्त एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ फाइली, झोन कुठला ते सांगणारी पीआरजे फाइल तिकडेच राहिली, एवढ्याशा फाइलने काय होतंय म्हणून. क्यूजीआयएसने लेयरपुढे, म्हणजे नकाशाच्या त्या थरापुढे, प्रश्नचिन्ह दाखवलं, म्हणजे सॉफ्टवेअर विचारत होतं की बाबा हे आकडे कुठल्या झोनचे, तर साहेबांनी त्यावर क्लिक करून 32643, म्हणजे झोन 43 चा कोड, टाकलं, कारण महाराष्ट्र म्हणजे 43 हे डोक्यात पक्कं. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर झूम टू लेयर केलं आणि घाटंजीची सगळी शेततळी डहाणूच्या पश्चिमेला अरबी समुद्रात. साहेब म्हणाले, फुकटचं सॉफ्टवेअर आहे, असंच होणार. माझी नोकरी नवीन, मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं अजून टोचतं.

पुढे लायसनवालं सॉफ्टवेअर आलं. तीच फाइल, तोच 43, आणि तळी परत त्याच समुद्रात! कारण प्रत्येक झोन 6 अंशांचा असतो आणि ईस्टिंगचे, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतराचे, आकडे प्रत्येक झोनमध्ये नव्याने मोजतात, 44 चे आकडे 43 चे समजून वाचले की पॉइंट बरोबर 6 अंश पश्चिमेला जाणार, आपल्या अक्षांशावर साधारण सव्वासहाशे किलोमीटर. पैसे भरून हे बदलत नाही. मी लेयरला 32644 लावलं, मग रीप्रोजेक्ट केलं, पाच मिनिटांत तळी घाटंजीत आली. शब्द मात्र कोणी मागे घेतला नाही.

तर सगळ्यात महत्त्वाची टिप हीच. सीआरएस म्हणजे आकडे कुठल्या मोजणीपद्धतीतले ते. सेट लेयर सीआरएस म्हणजे नुसती पाटी बदलणं, आकडे तसेच राहतात. खरंच दुसऱ्या प्रोजेक्शनमध्ये न्यायचं असेल तर रीप्रोजेक्ट लेयर किंवा एक्सपोर्ट. लेयर स्क्रीनवर एकमेकांवर बरोबर बसतात म्हणून सीआरएस एकच आहे असं अजिबात समजू नका, क्यूजीआयएस ते दाखवण्यापुरतं जुळवून घेतं. 4326 मधल्या, म्हणजे अक्षांश-रेखांशातल्या, लेयरला 500 चा बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, दिला की तो 500 अंशांचा होतो, मीटरचा नाही. डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डेटा, अंशांमध्ये ठेवून स्लोप (उतार) काढला तर सपाट रानातसुद्धा उभे कडे दिसतात. क्षेत्रफळाला डॉलर एरिया ($area) वापरा, ते प्रोजेक्टचा एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा गोलसर आकार, धरून मोजतं, दोन झोनमध्ये पसरलेल्या जिल्ह्याला तेच बरं.

शेपफाइल सोडा, जिओपॅकेज घ्या. एकच फाइल, काही मागे राहायचा प्रश्न नाही, आणि कॉलमचं नाव दहा अक्षरांवर कापलं जात नाही. गट नंबर एक्सेलमध्ये टाकताना आधी कॉलम टेक्स्ट करा, नाहीतर 12/1 ची तारीख होते आणि मग नकाशा आणि टेबल जोडणारा जॉइन का लागत नाही म्हणून दिवस जातो. सीएसव्ही आणताना एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, हे उलटं झालेलं मी दर महिन्याला बघते.

कोर्सचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आणि क्यूजीआयएसचं स्वतःचं ट्रेनिंग मॅन्युअल पुरे, दोन्ही फुकट, पण आपल्या तालुक्याचा डेटा घेऊन करा, दुसऱ्यांचा तयार डेटा कधी बिघडत नाही.

हां, टेंडरमध्ये आर्कजीआयएस हे लायसनवालं सॉफ्टवेअरच लिहिलेलं असेल तर ते शिकावं लागेल, त्यात कमीपणा नाही, ते चांगलंच सॉफ्टवेअर आहे. आणि नकाशावर मोजलेलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळलं नाही तर त्यावरून तलाठ्याशी भांडू नका, सातबाऱ्याचा आकडा मोजणीतून आलेला असतो. पीआरजे नसलेली फाइल आली तर ज्याने बनवली त्याला फोन करून झोन विचारा आणि तोवर लेयरला काही लावू नका, साहेब शेजारी उभे राहून 43 टाक म्हणत असले तरी.