थंडाव्याने जीव वाचवायचाय, मग नेमकं शिकायचं काय?

प्रिय विद्यार्थिनी,

‘गंभीर जखमींना गोठवून वाचवतात म्हणे, मला त्या संशोधनात जायचंय. भौतिकशास्त्र आवडतं, पण रक्त पाहिलं की चक्कर येते. डॉक्टर होऊ की इंजिनिअर?’ असं तू विचारलं आहेस.

गोठवत कुणालाच नाहीत. शरीरात बर्फ झाला तर पेशीच फाटतील. गोळी किंवा चाकू लागून प्रचंड रक्त गेलं आणि हृदय थांबलं, की मेंदूच्या हातात जेमतेम पाच मिनिटं उरतात. तेवढ्यात फाटलेली रक्तवाहिनी सापडून शिवून होत नाही. म्हणून बर्फासारखं गार सलाइन महाधमनीत सोडायचं आणि शरीर 10 ते 15 अंश सेल्सिअसवर आणायचं. पेशींची ऑक्सिजनची गरज इतकी घटते की सर्जनला तासभर तरी मिळावा. पुढे हार्ट-लंग मशीनवर (हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) रक्त फिरवत हळूहळू ऊब द्यायची. पीटर साफर आणि रोनाल्ड बेलामी या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1980च्या दशकात हा विचार मांडला. तिथल्याच बाल्टिमोर शहरात मेरीलँड विद्यापीठाचे सर्जन सॅम्युअल टिशरमन यांच्या चमूने तो माणसावर करून पाहिल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं. पण ती चाचणी आहे, रूढ उपचार नव्हे. प्राण्यांत जमलेलं माणसांत जमेलच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. ट्रॉमा विभागात, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार होतात तिथे, एरवी थंडी ही वैरीण. अंग गार पडलं की रक्ताची गुठळी नीट होत नाही, रक्तस्राव थांबत नाही, त्यात रक्तातलं आम्ल वाढलं की रुग्ण हाताबाहेर जातो. म्हणून तिथले लोक जखमीला ऊबच देत असतात. मग तीच थंडी कधी, किती वेगाने, किती खोल द्यायची? आणि परत गरम करताना होणारी इजा कशी टाळायची? तुझं भौतिकशास्त्र इथे कामाला येईल.

माझं मत स्पष्ट आहे: या एका प्रयोगावर करिअर बेतू नकोस, त्याच्या खालचा पाया निवड. तुझ्यासारखीला मी परफ्युजनिस्टचं काम आधी सुचवेन. हार्ट-लंग मशीन चालवणारा हा माणूस. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला 18 अंशांच्या आसपास नेऊन रक्ताभिसरण काही काळ चक्क थांबवतात, तेव्हा तापमान उतरवणं आणि चढवणं त्याच्याच हातात असतं. उद्या ट्रॉमातला प्रयोग फसला तरी हे कौशल्य वाया जात नाही. पंप आणि उष्णता-विनिमयाची यंत्रं बनवण्यात रस असेल, तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग.

डॉक्टरकीची वाट सर्वांत लांब: पदवीनंतर सर्जरी, भूलशास्त्र किंवा अतिदक्षता. चक्कर येते म्हणून मात्र ती सोडू नकोस; सवयीने बहुतेकांची ती जाते. (वाद घालायला आवडत असेल तर वैद्यकीय नीतिशास्त्रही आहे. मरणाच्या दारातला रुग्ण संमती देऊ शकत नाही. अशा चाचणीला अमेरिकेत खास सवलत मिळते, पण आधी तिथल्या समाजाशी चर्चा करावी लागते.)

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एखाद्या परफ्युजनिस्टला भेट. रुग्णाचं तापमान एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी का मोजतात, ते विचार. त्या उत्तरातून आणखी दहा प्रश्न सुचले, तर मला पुन्हा लिही. मग अभ्यासक्रमांची तुलना करू.