सीपीके वाढलं? आधी पोती किती उचलली ते सांगा
भाऊ, रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीपीकेचा ८०० आकडा पाहून घाबरलात, पण रक्त देण्याच्या आदल्या दिवशी सोयाबीनची पोती उचलली होती ना? सीपीके स्नायूला झटपट ऊर्जा देण्याच्या कामातलं एन्झाइम. स्नायू दुखावला की ते रक्तात झिरपतं. जड कामानंतर आकडा १ ते ३ दिवस चढतो, उतरायला आठवडाही लागतो. कमरेत घेतलेल्या इंजेक्शननंही वाढतो (आपल्याकडे सुईशिवाय बरं वाटतंय कोणाले!). आठवडाभर अंगमेहनत टाळून त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही आकडा वाढू शकतो; ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.