रात्री पादऱ्याच्या घरात घुसून लग्न?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर वडगावचं, मागावर पोट, म्हणून एका दोस्तानं सांगितलं की 1941 सालचा जुना इटालियन पिक्चर ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ बघ, त्यातला हिरो रेशीमवालाच हाय. बघितला की, पण निम्मं डोक्यावरून गेलं. पादरी लग्न लावायला एवढा का घाबरालाय? आणि ती दोघं रात्री त्याच्याच घरात चोरासारखी का घुसतात, पळून जाऊन दुसऱ्या गावात लग्न करायचं नव्हं का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: दुसऱ्या गावात चालत नव्हतं ना भावा, तिथंच तर सगळी गोची आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटमधल्या धर्मसभेनं 1563 मध्ये नियम केला की लग्नाला आपल्याच गावचा पादरी आणि साक्षीदार समोर पाहिजेत, पण नियमात एक फट राहिली, पादऱ्यानं हो म्हणायलाच पाहिजे असं काही नव्हतं, तो नुसता हजर असला आणि ‘ही माझी बायको’, ‘हा माझा नवरा’ एवढं त्याच्या कानावर पडलं की झालं लग्न, चर्चला आवडो न आवडो. म्हणून रेन्झो आणि लुचिया दोन साक्षीदार घेऊन अंधारात घुसतात. रेन्झो आपलं वाक्य बोलून मोकळा होतो, लुचिया तोंड उघडते तोवर पादरी डॉन अब्बोंदिओ टेबलावरचं कापड ओढून तिच्या तोंडावर टाकतो आणि बोंब मारायला लागतो.

आता घाबरतो का, तर डॉन रॉद्रिगो नावाच्या जमीनदाराची लुचियावर नजर आहे आणि त्याच्या गुंडांनी पादऱ्याला वाटेत गाठून दम दिलाय. साल 1628, मिलानवर स्पेनचं राज्य. असल्या गुंडांविरुद्ध 1583 पासून हुकूमावर हुकूम निघालेत, फरक शून्य (कागदावरच्या कायद्याचं आपल्या सीमाभागाला वेगळं काय सांगायचं म्हणा). मान्झोनीच्या मूळ कादंबरीत रेन्झो चार कोंबडे घेऊन वकिलाकडे जातो, वकिलाला वाटतं हाच गुंड आहे, म्हणून खुशीत हुकूम वाचून दाखवतो, पण भांडण डॉन रॉद्रिगोशी आहे म्हटल्यावर कोंबड्यांसकट हाकलून देतो. मला विचारशील तर व्हिलनपेक्षा हा वकील आणि तो पादरीच जास्त डेंजर, कारण वाईट माणसं नाहीत ती, नुसती जीव सांभाळून आहेत.

रेन्झो-लुचिया काल्पनिक, पण 1628 ची मिलानमधली पावाची दंगल, 1630 चा प्लेग, मिलानचा बडा धर्मगुरू कार्डिनल बोर्रोमेओ हे सगळं खरं, आणि गोष्टीतल्या मोंझाच्या ननमागं मारियाना दे लेय्वा ही खरी बाई आहे. प्लेगात तर लोकांना वाटलं कुणीतरी भिंतींना विष फासतंय, त्या संशयावर मोरा नावाच्या न्हाव्याला हालहाल करून मारलं, घर पाडून तिथं बदनामीचा खांब उभारला, तो 1778 पर्यंत होता. मान्झोनीनं ही हकीगत 1840 च्या आवृत्तीला वेगळी जोडलीय, पिक्चरपेक्षा ती आधी वाच.