२००८ च्या प्रायमरीत, म्हणजे अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत, ओबामा आणि हिलरी यांच्यात असा काय फरक होता, की हिलरी मागे पडल्या?

धोरणांत म्हणाल तर फारसा नाही. खरा फरक इराकचा. ऑक्टोबर २००२ मध्ये हिलरींनी सिनेटमध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाला मत दिलं. त्याच महिन्यात ओबामा शिकागोच्या सभेत युद्धाविरुद्ध बोलले. ते एक मत हिलरींच्या मानगुटीवर शेवटपर्यंत बसलं, आणि माझ्या मते बसायलाच हवं होतं.

आरोग्यविम्यात मात्र मला हिलरींचंच पटत होतं. त्यांच्या योजनेत विमा सगळ्यांना सक्तीचा, ओबामांच्या फक्त मुलांसाठी. धडधाकट माणसं बाहेर राहिली तर आजाऱ्यांचा हप्ता परवडणार कसा? २०१० च्या कायद्यात ओबामांनाही सक्ती आणावीच लागली.

मी तेव्हा आयोवात नोकरीला होतो. मत नव्हतं, पण ३ जानेवारीला शेजाऱ्यांबरोबर कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची पक्षाची स्थानिक सभा, बघायला गेलो. शाळेच्या जिममध्ये ज्यानं त्यानं आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि डोकी मोजायची. गुप्त मतदान वगैरे काही नाही. १५ टक्के न भरलेला गट बाद, मग त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं. बायडनांच्या कोपऱ्यात सात-आठ जणच होते. ते बाद झाले तशी ओबामांची कॉलेजची पोरं त्यांच्यापाशी पोचलीसुद्धा, बहुतेकांना नावानं हाक मारत. एका आजींची खुर्ची उचलून एकानं आपल्या कोपऱ्यात नेली, आजी मागोमाग. हिलरींचे लोक अजून आपलीच डोकी मोजत होते. त्या रात्री आयोवात हिलरी तिसऱ्या आल्या, जॉन एडवर्ड्स या तिसऱ्या उमेदवाराच्याही किंचित मागे.

पुढेही तेच. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकलं म्हणून तिथले सगळे प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) मिळत नाहीत, मतांच्या प्रमाणात वाटणी होते. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकून हिलरींना ११ प्रतिनिधींची आघाडी मिळाली. त्याच दिवशी तुरळक वस्तीच्या आयडाहोत, कॉकसमध्ये, ओबामांनी १२ ची घेतली! हिलरींची सगळी भिस्त मोठ्या राज्यांवर, कॉकसच्या छोट्या राज्यांत त्यांची माणसंच कमी. मार्चमध्ये टेक्सासची प्रायमरी, म्हणजे नेहमीचं गुप्त मतदान, हिलरींनी जिंकली, तरी प्रतिनिधी ओबामांनाच जास्त मिळाले, कारण मतदान संपल्यावर तिथे रात्री कॉकसही होता.