गोव्याच्या दमट हवेत घरच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणं जमतं का? आणि आजच्या काळात परवडतं का?

जमतं. न जमायला काय झालं? ‘गोव्याच्या उकाड्यात फिल्मचा नाद करू नये’ हे आमच्या थोरल्या भावाचं पालुपद. त्याचा फोंड्यात स्टुडिओ आहे, लग्नाच्या सगळ्या ऑर्डरी डिजिटलवर. माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या सणाला, मी कॅमेऱ्यात एचपी५ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म भरून निघालो, तर म्हणाला, “मोबाइलवर काढ आणि रंग घालव. झालं की!”

आषाढातलं आभाळ, देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखल, त्यात तेल चोपडलेले बाप्ये लोळताहेत. उजेड बेताचा म्हणून ४०० आयएसओची (उजेड टिपायच्या क्षमतेचा आकडा) फिल्म ८०० ची समजून मारली. पिवळा फिल्टर पिशवीतच राहिला. त्याने गडद व्हायला आभाळ आधी निळं तरी हवं!

रोल घरीच धुतला, कारण त्याआधीचा एक रोल बाहेरच्या लॅबने ओरखडे पाडून परत पाठवला होता. आणि इथे खरा वैरी उकाडा नाही, घाम आहे. फिल्म अंधारात हाताळायच्या चेंजिंग बॅगेत हात घातले की लगेच बोटं ओली. धुण्यासाठी फिल्म ज्यावर गुंडाळतात त्या प्लॅस्टिकच्या रिळावर ओलसर फिल्म चढत नाही, मध्येच अडकते. जोर लावला की दुमडते, आणि निगेटिव्हवर काळे अर्धचंद्र उमटतात. म्हणून मी रात्री दिवे घालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावून न्हाणीत बसतो. रीळ आधी हेअर ड्रायरने खडखडीत कोरडं करायचं.

धुण्याचं म्हणाल तर डी-७६ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) न पातळ करता वापरला तर २० अंशांना ७.५ मिनिटं, ८०० वर मारली असेल तर त्याहून जास्त. तापमान वाढलं की वेळ घटतो, आणि ५ मिनिटांच्या खाली गेलात की फिल्म सारखी धुतली जात नाही. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या बादलीत ठेवा. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकणारे महाभागही मी पाहिलेत.

निगेटिव्ह बघून भाऊ म्हणाला, “ग्रेन (फोटोतले रवाळ ठिपके) फार आलाय.” अरे, मग? चिखलात रंग होतेच कुठे? तेल आणि पाणी चमकतं तेवढं पांढरं, बाकी सगळं करडं. त्याच्या मोबाइलमधल्या त्याच दिवसाच्या फोटोंत नुसता तपकिरी राडा आहे, तरी रंगाला पर्याय नाही म्हणे. रंग मागाहून घालवणं वेगळं आणि रंग नाहीच हे धरून बघणं वेगळं, हे लग्नात हजारो फ्रेम मारणाऱ्याला कसं पटणार?

परवडत मात्र नाही. ३६ फोटोंच्या रोलला हजाराच्या आसपास मोजावे लागतात. फोमापॅन ही फिल्म त्यातल्या त्यात स्वस्त. स्कॅनरचा खर्च वेगळाच. महाग पडतं, हा एवढा एक हिशेब भावाचा बरोबर आहे, त्याला कळवू नका.

पावसात फिल्म वाळायला रात्र जाते. घाईने पंखा लावलात तर धूळ चिकटेल. लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली. आणि वापरलेला फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते.