साखळी तुटली की रिंगच फुटली?

अगं, नवीन आहेस म्हणून सांगते: तुझ्या ऑइडिओडेंड्रॉनचं एन्झाइम इकिनोकँडिन बीची साखळी कापतं का, हे तपासायला लागण्याआधी कंट्रोल, म्हणजे तुलनेची चाचणी, लाव. उकळून मारलेलं एन्झाइम, तेच बफर, तोच वेळ. माझे पहिले दोन महिने याच्याविनाच वाया गेले.

इकिनोकँडिन बी हे बुरशीविरोधी रसायन म्हणजे सहा अमिनो आम्लांची रिंग आणि तिला लटकलेली लिनोलिक आम्लाची शेपटी. अॅसायलेज हे एन्झाइम ती शेपटी कापतं, रिंग तशीच ठेवतं. त्या उघड्या जागी नवी साखळी जोडूनच अॅनिड्युलाफंगिन हे बुरशीविरोधी औषध तयार होतं. जुनं प्रसिद्ध एन्झाइम अॅक्टिनोप्लेन्स या जिवाणूचं. तुझं ऑइडिओडेंड्रॉन मात्र खरी बुरशी आहे, तेव्हा जिवाणूचा प्रोटोकॉल डोळे मिटून उतरवू नकोस.

सब्सट्रेट, म्हणजे इकिनोकँडिन बी, पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या मेथॅनॉलमधून घाल. पीएच फार चढवू नकोस, अल्कलीत रिंगच उघडते आणि तू एन्झाइम चाललं म्हणून नाचत बसशील! (मी पेढे वाटले होते.) रेणूचं वजनच बघ: १०६० वरून साधारण ७९८, म्हणजे २६२ कमी. एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) शेपटी कापलेली रिंग लवकर बाहेर येते.

आणि नागपूरचा मे आहे बाप्पा, ४५ अंशांत 'रूम टेंपरेचर' लिहू नकोस. थर्मामीटरचा आकडा लिही.