नवऱ्याला बातम्या, मला गाणं: एका घरात कसं जमवायचं?

ताई, तुमच्या मिस्टरांना सकाळपासून बातम्यांचं चॅनल लागतं, तुम्हाला शास्त्रीय गाणं ऐकायचं असतं आणि हॉल एकच आहे. तेव्हा हेडफोन घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. का ते पुढे सांगतो. आमच्याकडे हेच भांडण उलट्या बाजूने चालतं, बातम्या बायकोच्या आणि गाणं माझं, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

बायको शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली पण विषय सुटला नाही. कोणत्या पक्षाचा कोणता गट सध्या कुणासोबत आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मी नाशिकच्या सातपूरला एका कंपनीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं. बेअरिंग जायच्या आधी मशिनचा आवाज बदलतो, तो मला लांबून कळायचा. दिवसभर असा कान लावून बसलेल्या माणसाला घरी आल्यावर चार जण एकदम ओरडताना ऐकायचे नसतात. आवाजाच्या बाबतीत मी चोखंदळ आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

तिचं म्हणणं लग्नापासून एकच आहे. 'अहो, तुमचं गाणं म्हणजे पळवाट. गावाला आग लागली तरी तुमचा आपला विलंबित एकताल चालू.'

आग नाही लागली, पूर आला. २०१९ चा ऑगस्ट, चार तारीख, रविवार. नाशिककरांना तो दिवस सांगायला नको. त्र्यंबकला धो धो पाऊस चाललेला, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू, गंगा चढत होती. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) आम्ही राहतो अशोकनगरला, नदीपासून चांगलेच लांब. पण बायकोच्या भावाचं दुकान भांडी बाजारात. पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल ही ठरलेली ठिकाणं. त्यामुळे तिचा जीव टांगणीला होता, हे मला मान्य आहे.

सकाळपासून टीव्ही चालू. एका चॅनलवर रामकुंडाचं एकच दृश्य फिरून फिरून दाखवत होते. पाणी, पाणी, मग तेच पाणी पुन्हा. मध्येच एक गाडी वाहून जाताना दाखवली. मी चष्मा लावून जवळ जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'संग्रहित' लिहिलेलं. बायकोला दाखवलं तर म्हणाली, बाजूला व्हा, दिसत नाही. तेवढ्यात सोलापूरहून वहिनींचा फोन, 'तुम्ही गच्चीवर आहात का हो?' आम्ही हॉलमध्ये बसून पोहे खात होतो.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. मी आतल्या खोलीत जाऊन शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर लावले. लावलं ते नेमकं 'चलो मन गंगा जमुना तीर' निघालं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण हे ती आजतागायत मानत नाही. भाऊ तिकडे गुडघाभर पाण्यात आणि नवरा म्हणतोय चला गंगेच्या तीरावर. त्यानंतर जे झालं ते कोणत्याही चॅनलवर चाललं असतं.

मी रामकुंडाजवळ राहणाऱ्या एका मित्राला फोन केला. एकच प्रश्न विचारला, 'मारुती कुठपर्यंत?' तो म्हणाला, 'छातीपर्यंत आलंय, चढतंय.' झालं, संपली बातमी. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, यावरून कुठल्या गल्लीत काय होणार हे जुन्या दुकानदारांना बरोबर कळतं. पुढे तो मारुती बुडालाच त्या दिवशी. पण दुकानदाराला हवी असलेली गोष्ट एवढीच असते, किती चढलं आणि वरून आणखी किती सोडणार. ती अर्ध्या मिनिटात सांगून होते. चॅनलने तासभर गळा काढला आणि पुढच्या दोन तासांत किती क्युसेक सुटणार हे एकदाही नीट सांगितलं नाही.

बायकोची बाजूही सांगतो, नाहीतर ती खाली येऊन स्वतः उत्तर लिहील. भावाने आदल्या रात्रीच पितळेचा सगळा माल माळ्यावर चढवला होता आणि तो चढवायला लावला हिनेच. शनिवारी रात्री चॅनलवर विसर्ग वाढणार असल्याचं हिने वाचलं आणि लगेच फोन लावला. माल वाचला. हे ती दर पावसाळ्यात एकदा ऐकवते. ऐकवू दे. पण ताई, 'वाचलं' म्हणालो बघा. पडद्याखाली सरकणाऱ्या पट्टीत वाचलं. वर त्या वेळी दोन प्रवक्ते भलत्याच विषयावर भांडत होते. कामाची गोष्ट पट्टीत होती आणि पट्टीला आवाज नसतो.

मी तेव्हापासून हाच धागा धरून बसलोय. टीव्ही म्यूट करायचा आणि गाणं मोठ्याने लावायचं. तिला पट्टी वाचता येते, मला कान मोकळे मिळतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर एवढंच. आमच्याकडे हे चालतं, पण धुसफुशीसकट. ती म्हणते, 'मुक्यांचं भांडण किती वेळ बघायचं?' मला मात्र मजा येते. चर्चेतला एखादा लाल होऊन हात आपटतो आणि नेमका तबल्याच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आपटतो. एकदा तर एका प्रवक्त्याने अख्खी तान हातवाऱ्यांत घेतली, भीमसेनजींची, आणि बिचाऱ्याला पत्ताच नाही. बायकोसुद्धा हसली होती, नंतर नाकारलं.

आता मुद्द्याचं बोलतो. बातम्यांशी माझं वैर नाही. आमच्याकडे लहानपणी रेडिओवर सकाळी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. दहा मिनिटं, की संपल्या. वडील त्या संपल्या की दाढीला बसायचे. दूरदर्शनवर संध्याकाळी सातला प्रदीप भिडे बातम्या वाचायचे, तेही वाचून झालं की नमस्कार करून मोकळे. बातम्या संपायच्या, आणि मग घरात दुसरं काही लावता यायचं. आता त्या संपतच नाहीत. संपवून त्यांना परवडणारही नाही. टीआरपीत नुसते बघणारे मोजत नाहीत, ते किती वेळ बसले तेही मोजतात, म्हणजे तुम्ही उठून गेलात की त्यांचं नुकसान. म्हणून 'थोड्याच वेळात', 'पाहत राहा', 'सर्वात मोठी बातमी'. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं बंद होतं. मला वाटलं होतं आता तरी जरा हळू बोलतील. फरक पडला नाही, सवय लागली होती.

गाण्यात असं होत नाही. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, ऐकणाऱ्याला वाटतं हा कुठे निघाला. पण तो समेवर येतो. कितीही भटकला तरी येतो, आणि आला की तुम्हालाही हुश्श वाटतं. पलुस्करांच्या जुन्या तबकड्या घ्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात राग उभा राहतो, फुलतो आणि आटोपतो. तेवढ्या वेळात निवेदकाचं 'माझा सरळ प्रश्न आहे' सुद्धा विचारून होत नाही.

आणि 'पळवाट' या आरोपाबद्दल. हे मी बायकोला अनेकदा सांगितलंय, इथेही लिहून ठेवतो. द. वि. पलुस्कर नाशिकचे, जन्म १९२१ चा इथलाच. त्यांचे वडील पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. या माणसाने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून काढून घराघरात नेलं, काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायले, आणि शेवटी इथे पंचवटीत रामनामाचा आश्रम करून राहिले. हा माणूस जगाकडे पाठ फिरवून बसला होता का? गाणारे जगापासून पळतात असं म्हणणाऱ्यांनी पंचवटीत येऊन हा इतिहास विचारावा.

यावर बायकोचं उत्तर: 'ते गात होते. तुम्ही नुसते ऐकता.'

चला, पुढे.

हेडफोन का नको ते सांगायचं राहिलं. एका दिवाळीला तिने मला हेडफोन आणून दिले, चांगले महागातले. म्हणजे मी माझं गाणं घेऊन माझ्याच घरात कोपऱ्यात बसायचं आणि हॉल प्रवक्त्यांना सोडायचा. दोघांतला एक जण कानात काही घालून बसला की बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, बायकोने हाक मारली तर तेही नाही, आणि मग त्यावरून वेगळं भांडण. शिवाय गाणं घरात वाजलं पाहिजे. आमच्या मुलीला भूप राग ओळखता येतो तो क्लास लावून नाही, भाजी निवडताना कानावर पडून. चॅनल घरात मोठ्याने वाजू शकतं तर भूपाने काय घोडं मारलंय? हेडफोन कुणाला द्यायचेच असतील तर ते मिस्टरांना द्या. चर्चा ऐकायची त्यांना हौस आहे, त्यांनी कानात घालावी.

दोनेक गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. मिस्टर आवाज फारच वाढवत असतील तर एकदा कान तपासून घ्या. आमच्या ओळखीत एकाकडे वर्षभर यावरून वाद चालला, आणि शेवटी निघालं ते कमी ऐकू येणं. दुसरं, म्यूटचा उपाय पट्टी वाचता येत असेल तरच. चष्म्याचा नंबर वाढलेला असेल तर माणूस बिचारा नुसती तोंडं बघत बसेल. आणि मिस्टर घरात एकटे असतात म्हणून टीव्ही लावत असतील, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. एकट्या माणसाला आवाज सोबतीला लागतो, मग तो प्रवक्त्याचा का असेना.

निकालाच्या दिवशी मात्र यातलं काहीही चालत नाही. मतमोजणी आठला सुरू होते, आमच्याकडे सातपासून रिमोट तिच्याकडे असतो आणि म्यूटचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी मी चहा करतो, दर तासाला. कल कुणीकडे आहेत ते स्वयंपाकघरात तिच्या आवाजावरूनच कळतं.